मंत्रालयात अडलेले संघराज्य

भारतीय संघराज्याबद्दल मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्याचा रोख बहुधा दिल्लीकडे असतो. राज्यपाल विधेयके दाबून ठेवतात, वस्तू व सेवा कराची भरपाई वेळेवर आली नाही, उपकर आणि अधिभार लावून गोळा केलेला पैसा केंद्र राज्यांच्या वाटपात धरतच नाही, या तक्रारी सगळ्याच पक्षांनी विरोधात असताना केल्या आहेत आणि दिल्लीत सत्ता आली की सोयीने विसरल्या आहेत. पण त्या खोट्या नाहीत. शिक्षण आणि वने हे विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले ते १९७६ मध्ये, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, ऐन आणीबाणीत. आणीबाणी उठली, सरकारे बदलली, विषय काही परत आले नाहीत. वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश आहे आणि निर्णयाला तीनचतुर्थांश मते लागतात. म्हणजे देशातली सगळी राज्ये एकीकडे झाली तरी केंद्राच्या संमतीवाचून ठराव होत नाही. या साऱ्याची चर्चा पुढील प्रकरणांत सविस्तर येईल. प्रस्तावनेत मात्र मला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायची आहे. दिल्लीकडून राज्याकडे किती सत्ता आली हे आपण हिरिरीने मोजतो. राज्याकडून पुढे जिल्ह्याकडे, शहराकडे, गावाकडे किती गेली हे मोजायचे राहून जाते. माझे म्हणणे असे की संघराज्याची खरी गाठ तिथे आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सत्ता दिल्लीहून निघते, मंत्रालयात येते आणि तिथेच मुक्काम ठोकते. तिथून ती हलत नाही तोवर दिल्लीविरुद्धच्या राज्याच्या दाव्यालाही पुरते बळ येणार नाही.

घटनेतली वाटणी कागदावर सुटसुटीत आहे. सातव्या अनुसूचीत तीन सूच्या आहेत. मूळ घटनेत संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ नोंदी होत्या. या वाटणीत बदल करायचा तर संसदेच्या विशेष बहुमताखेरीज निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते. तिसऱ्या अनुच्छेदाने राज्याच्या सीमा आणि नावसुद्धा बदलण्याचा अधिकार संसदेला दिला आहे हे खरे, तरीही राज्याच्या अधिकारांना घटनेची अशी एक तटबंदी आहे. स्थानिक शासनाला ती नाही. ते राज्यसूचीतली पाचवी नोंद आहे, म्हणजे राज्याच्या अखत्यारीतला एक विषय. १९८९ मध्ये राजीव गांधी सरकारने पंचायतींना घटनेत स्थान देणारे चौसष्टावे घटनादुरुस्ती विधेयक आणले, ते राज्यसभेत पडले. दिल्ली राज्यांना वळसा घालून थेट गावात शिरू पाहते आहे, हा तेव्हाचा एक मोठा आक्षेप होता. पुढे नरसिंह राव यांच्या काळात, डिसेंबर १९९२ मध्ये, त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती संमत झाली. राज्यांच्या धास्तीची छाप तिच्यावर स्पष्ट दिसते. पंचायतींसाठी २९ आणि नगरपालिकांसाठी १८ विषयांच्या याद्या घटनेला जोडल्या गेल्या, पण त्यांतले कोणते आणि किती अधिकार द्यायचे हे विधिमंडळाच्या मर्जीवर सोडले. सक्तीच्या गोष्टी थोड्याच राहिल्या: दर पाच वर्षांनी निवडणूक, राखीव जागा, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग आणि जिल्हा नियोजन समिती.

त्या सक्तीचे काय झाले ते मुंबईत पाहावे. बृहन्मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. दुसऱ्या दिवसापासून राज्य सरकारने नेमलेला प्रशासक कारभार पाहू लागला. मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या जवळजवळ चार वर्षांत, २०२५-२६ चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प धरून, गोव्यासारख्या राज्याच्या अर्थसंकल्पाहून कितीतरी मोठी रक्कम एका अधिकाऱ्याने मांडली आणि त्यानेच मंजूर केली. मुंबई एकटी नव्हती. पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक आणि बहुतेक जिल्हा परिषदा त्याच रांगेत होत्या. कारणे होती, नाही असे नाही. करोनाची साथ होती. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी तिहेरी कसोटी घालून दिली आणि तिच्यासाठी लागणारी माहिती राज्याकडे तयार नव्हती. त्यात एका सरकारने मुंबईतल्या २२७ जागा वाढवून २३६ केल्या, पुढच्या सरकारने त्या पुन्हा २२७ वर आणल्या, आणि प्रत्येक बदलाबरोबर नवा वाद न्यायालयात गेला. दोन्ही सरकारे एकमेकांची कट्टर विरोधक होती; निवडणूक लांबण्याची अडचण मात्र दोघांपैकी कोणालाच फारशी जाणवली नाही. मुदतीत निवडणूक घेणे हे घटनात्मक बंधन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने किशनसिंग तोमर खटल्यात २००६ मध्येच सांगितले होते. शेवटी ६ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश द्यावा लागला, आणि ती मुदतही पुढे वाढवावी लागली.

आता हेच राज्याच्या बाबतीत घडले असते तर, असा विचार करून पाहू. राज्यात राष्ट्रपती राजवट आली तर तिला दर सहा महिन्यांनी संसदेची संमती लागते. एक वर्षाच्या पुढे न्यायची तर देशात वा त्या राज्यात आणीबाणी लागू असावी लागते आणि निवडणूक घेणे कठीण असल्याचे निवडणूक आयोगाला प्रमाणित करावे लागते. तीन वर्षांनंतर तर तीही वाट बंद. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानंतर न्यायालयीन तपासणीची टांगती तलवार असते. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट जेमतेम अकरा दिवस टिकली, तरी ती कशी आली आणि कशी उठली यावर आजही वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत. पण राज्याच्या नाड्या अकरा दिवस दिल्लीच्या हाती गेल्या तर तो लोकशाहीचा प्रश्न होतो आणि मुंबईच्या नाड्या चार वर्षे मंत्रालयाच्या हाती राहिल्या तर ती प्रशासकीय अडचण ठरते. सासूचा जाच सोसलेली सून पुढे स्वतः सासू होते तेव्हा बहुधा असाच हिशेब करते.

पैशाच्या बाबतीत गोष्ट आणखी बोलकी आहे. जकात हा वाईट कर होता याबद्दल फारसे दुमत नाही. नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत, हात ओले केल्याशिवाय माल सुटत नसे, आणि व्यापारी तिला कायम शिव्या घालत. पण ती शहराची स्वतःची कमाई होती. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली. २०१० पासून एकेका महापालिकेत तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि १ ऑगस्ट २०१५ पासून तोही पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना माफ झाला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात विरली. त्याच महिन्यात महापालिकेला भरपाईचा सुमारे ६४७ कोटी रुपयांचा पहिला धनादेश समारंभाने देण्यात आला. तेव्हा राज्यात एकत्र सत्तेत असलेले दोन पक्ष महापालिकेत एकमेकांच्या उरावर बसलेले होते, त्यामुळे तो धनादेश म्हणजे उपकार की हक्क यावर घोषणाबाजीही भरपूर झाली. प्रश्न नेमका तोच होता. स्वतःच्या नाक्यावर कर वसूल करणारी महापालिका त्या दिवसापासून दर महिन्याला राज्याच्या धनादेशाची वाट पाहणारी संस्था झाली. भरपाईसाठी कायदा आहे आणि तीत दरवर्षी आठ टक्के वाढीची तरतूदही आहे, हे राज्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण विधिमंडळाने केलेला कायदा विधिमंडळ बदलू शकते. शिवाय ज्या परिषदेत या कराचे दर ठरतात तिथे राज्याला निदान खुर्ची आहे, महापालिकेला दाराबाहेरचे बाकडेही नाही. उरला मालमत्ता कर. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतल्या पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना त्यातून सूट मिळाली. कर महापालिकेचा, तूट महापालिकेची, घोषणा मुख्यमंत्र्यांची. वीजबिल माफीचा बोजा केंद्राने परस्पर राज्याच्या तिजोरीवर टाकला असता तर विधानसभेत काय गहजब झाला असता, याची कल्पना करणे अवघड नाही.

अधिकाऱ्याचा प्रश्न तर या राज्यघटनेहूनही जुना आहे. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्याने कार्यकारी सत्ता आयुक्ताच्या हाती दिली आणि आयुक्त नेमण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला. परक्या राजवटीने आपल्या हिताची घेतलेली ती काळजी होती. स्वराज्य आले, राज्य मराठी झाले, पण ती व्यवस्था कोणाला खुपली नाही. महापौराला मान आहे, गाडी आहे, अडीच वर्षांची मुदत आहे. फाइलवर शेवटची सही आयुक्ताची. १९९८ मध्ये मुंबईत कार्यकारी सत्ता निवडून आलेल्यांकडे देणारा महापौर परिषदेचा प्रयोग झाला आणि वर्षभरात गुंडाळलाही गेला. कोलकात्यात ती पद्धत चार दशके चालू आहे. त्यातच शहराचे काम महापालिका, एमएमआरडीए, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, रस्ते विकास महामंडळ अशा संस्थांत वाटलेले, आणि महापालिका सोडली तर यांतली एकही मुंबईकरांच्या मतावर निवडून येत नाही. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्ग २०२२ मध्ये महापालिकेकडे येईपर्यंत, त्यांवरच्या खड्ड्याचा जाब नगरसेवकाला विचारला की तो बोट दाखवायचा एमएमआरडीएकडे, आणि त्याचे काही चुकत नव्हते. जिल्ह्यातही तेच. घटनेप्रमाणे जिल्हा नियोजन समितीचे चारपंचमांश सदस्य जिल्ह्यातल्या स्थानिक संस्थांनी आपल्यातून निवडलेले असतात. अध्यक्षस्थानी मात्र आपल्याकडे राज्याचा पालकमंत्री बसतो. जिल्ह्याचा नियोजनाचा पैसा त्याच्या हातून जातो. जानेवारी २०२५ मध्ये रायगड आणि नाशिकच्या पालकमंत्र्यांच्या नेमणुका जाहीर होताच त्यांना स्थगिती द्यावी लागली ती काही उगाच नव्हे.

यातली खेदाची गोष्ट ही की महाराष्ट्राची सुरुवात अशी नव्हती. बलवंतराय मेहता समितीने तालुका पातळीवरच्या पंचायत समितीला मुख्य मानले होते. वसंतराव नाईक समितीने त्यापुढे जाऊन जिल्हा परिषदच सबळ करावी असे सुचवले. १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, लघुपाटबंधारे, शेती अशी खरी कामे आणि ती करणारा नोकरवर्ग त्यांच्याकडे आला. जिल्हाधिकाऱ्याला बाजूला ठेवण्याचे धैर्य त्या पिढीने दाखवले, आणि पुढच्या तीस वर्षांतले कितीतरी आमदार-मंत्री जिल्हा परिषदेच्या सभागृहात तयार झाले. जिल्ह्यातून आलेले हेच नेते मुंबईत स्थिरावल्यावर जिल्ह्याचे अधिकार एकेक करून आटत गेले. सरपंच थेट लोकांतून निवडायचा की सदस्यांतून, हे तर २०१७ मध्ये एक, २०२० मध्ये दुसरे आणि २०२२ मध्ये पुन्हा पहिले, असे ठरले. दर वेळी सरकार बदलले होते. गावाला कोणी विचारले नाही.

या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी खेड्याला राज्यघटनेचा पाया मानण्याच्या कल्पनेवर कडाडून टीका केली. खेडे हे जातीच्या वर्चस्वाचे आणि संकुचितपणाचे ठिकाण आहे, तिथे सत्ता देणे म्हणजे दलितांना पुन्हा गावकीच्या हवाली करणे, ही त्यांची भीती होती. त्याच महिन्यात के. संथानम यांच्या सूचनेवरून पंचायतींचे कलम घटनेत आले खरे, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत. आंबेडकरांची भीती काल्पनिक नव्हती आणि आजही ती निकाली निघालेली नाही. दलित सरपंचाला ध्वजवंदन करू न देण्याच्या, महिला सरपंचाच्या खुर्चीवर नवऱ्याने बसण्याच्या बातम्या आपण वाचतो. तरीही त्या टीकेतून राज्याकडे सत्ता साठवण्याचा निष्कर्ष निघत नाही. जातीचे वर्चस्व विधानसभेत आणि साखर कारखान्याच्या संचालक मंडळातही असते. तिथे ते फक्त जास्त सफाईने वावरते. उलट राखीव जागांचा विचार केला तर तिसरा स्तरच सर्वांत पुढे आहे. अनुसूचित जाती-जमातींना तिथे सदस्यत्वाबरोबर अध्यक्षपदांतही आरक्षण आहे. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. लोकसभा आणि विधानसभांसाठी एकतृतीयांशाची दुरुस्ती २०२३ मध्ये झाली आणि ती जनगणना व मतदारसंघ पुनर्रचनेच्या पुढे ढकलली गेली. ज्या सभागृहात निम्म्या बायका बसतात त्याला अधिकार नाहीत, आणि ज्याच्या हाती अधिकार आहेत त्यात त्या मूठभर आहेत. बाबासाहेबांच्या कसोटीवर यातले कोणते सभागृह जास्त उतरते, हे वाचकाने ठरवावे.

दुसरा आक्षेप रोजच्या अनुभवातला आहे आणि तो मला जास्त अवघड वाटतो. स्थानिक संस्था भ्रष्ट आहेत, त्यांना काम जमत नाही. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून राज्याच्या संगणकीय पद्धतीने होऊ लागल्या, तेव्हा हजारो शिक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बदलीचा बाजार त्यांनी भोगला होता. इथे विकेंद्रीकरणाच्या नावाने गळा काढणे ढोंगीपणाचे होईल. पण राज्याने तिथे नेमके काय केले तेही पाहावे. पारदर्शक पद्धत घालून देणे हे राज्याचे कामच आहे. ती घालून देऊन तिचा वापर जिल्ह्यावर सोपवता आला असता. चोरी झाली म्हणून घराची मालकीच काढून घेण्याचा न्याय आपण राज्य सरकारांना लावत नाही. केरळने १९९६ मध्ये राज्याच्या नियोजनाच्या रकमेपैकी पस्तीस ते चाळीस टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे सोपवायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या पंचायतीही अननुभवी होत्या. चुका झाल्या, काही पैसा वायाही गेला. पण पैसा आधी गेला आणि क्षमता त्याच्या मागून आली. सरकारे बदलत राहिली तरी तो मार्ग कोणी मोडला नाही. आपल्याकडे क्षमता आल्यावर पैसा देऊ असे सांगितले जाते. पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही, ही अट घालणाऱ्याला शिकवायचेच नसते.

मेट्रो, धरणे, महामार्ग एकेका नगरपालिकेच्या आवाक्यातले नाहीत, हे मान्य. वरच्या संस्था लागतील, पण त्यांत खालच्यांना मतासह जागा असावी एवढेच म्हणणे आहे. संघराज्य म्हणजे केंद्र आणि राज्य, त्याखाली सगळे राज्याचे, ही कायदेशीर भूमिकाही जुनी आहे. अमेरिकेत न्यायमूर्ती डिलन यांनी १८६८ मध्ये आयोवात हेच तत्त्व मांडले. शहराला तेवढेच अधिकार जेवढे राज्य देईल. त्याच अमेरिकेत पुढे अनेक राज्यांनी शहरांना स्वयंशासनाची सनद दिली. ब्राझीलच्या १९८८ च्या घटनेने नगरपालिकांना संघराज्याचे घटक मानले आणि दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या घटनेने स्थानिक शासनाला राष्ट्रीय व प्रांतिक शासनाच्या पंक्तीत बसवले. दोन्हीकडे गैरकारभार आहेच. पण तिथे नगराच्या अधिकाराला घटनेचा आधार आहे.

आपल्याकडे हे होऊ शकते याचा पुरावा गडचिरोलीत आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार अशी घोषणा दिली, तेव्हा अनेकांना ती भाबडी वाटली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूवर मात्र वनखाते अडून बसले. वाहतुकीचा परवाना खात्याचा, आणि परवान्याशिवाय बांबू गावाबाहेर नेता येत नाही. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला असूनही जुन्या वन कायद्याचा आधार घेऊन तो झाडच ठरवला जात होता. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. सत्तेचे वाटप म्हणतात ते प्रत्यक्षात असे दिसते. संसदेने केलेला कायदा, राज्याचे खाते आणि गावची सभा या तिघांत परवाना कोण फाडणार एवढाच प्रश्न होता, आणि तो सुटल्यावर बांबूचा भाव ग्रामसभा ठरवू लागली. पण एका गावाला पुस्तक द्यायला एक केंद्रीय मंत्री आणि एक मुख्यमंत्री यावे लागले, हेही विसरू नये.

राज्ये खाली काही सोडत नाहीत याचा तोटा शेवटी राज्यांनाच होतो. स्थानिक संस्था दुबळ्या राहिल्या की दिल्लीला वळसा घालायला आयती वाट मिळते. वित्त आयोगाचे अनुदान केंद्राच्या अटींसह थेट पंचायतींच्या नावाने येते, स्मार्ट सिटीसाठी सभागृहाच्या बाहेर कंपन्या निघाल्या, आणि केंद्राच्या योजना जिल्हाधिकाऱ्यामार्फत राबतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामीण अनुदानाला लोकनियुक्त मंडळ ही अट होती. निवडणुका न घेणाऱ्या राज्याला तिच्याविरुद्ध तक्रार करायला तोंड उरत नाही. सबळ जिल्हा परिषदा आणि महापालिका पाठीशी असलेले राज्य दिल्लीशी बोलते तेव्हा ते एका सरकारपुरते बोलत नाही. आज राज्याच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरावे असे जिल्ह्यातल्या माणसाला वाटत नाही, कारण राज्याच्या हक्कातला त्याचा वाटा त्याला कधी मिळालेलाच नाही.

पुढील प्रकरणांत सूच्या, आयोग, निकाल आणि आकडे पुष्कळ भेटतील. राज्याने केंद्राकडे केलेली प्रत्येक मागणी वाचताना, तीच मागणी त्याच शब्दांत एखाद्या जिल्हा परिषदेने राज्याकडे केली असती तर मंत्रालयातून काय उत्तर आले असते, हे वाचकाने स्वतःला विचारावे. आणि विधानसभेच्या पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या उमेदवारालाही विचारावे.